सरकारी जमिनीचा झोन आणि आम्ही चौघं

जमिनीची किंमत काढणं हे काम ऐकायला इतकं कोरडं, की लग्नात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी उत्तर दिलं, की समोरचा माणूस लगेच जिलेबीकडे वळतो. पण आमच्या ऑफिसात चार माणसं चहाला बसली की कपातला चहा गार होतो आणि किस्से संपत नाहीत. रोज नवीन जागा, नवीन साहेब, नवीन धूळ. धूळ घरी जाऊन धुता येते. किस्से कुठं धुणार? ते साठत जातात.

आधी चौघं कोण ते सांगते. बिराजदार सर म्हणजे आमचे मालक, मान्यताप्राप्त मूल्यांकनकार. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, ऑफिसात मराठी आणि राग आला की दोन्ही. म्याकल आमचा सर्व्हेअर, घरी तेलुगू, पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला. हमीदभाई गाडी चालवतात आणि विचारलं नसतानाही मत देतात. चौथी मी, सुवर्णा. माहेर वैराग, सासर सोलापूर, डिप्लोमा सिव्हिलचा.

आमच्याकडे बरंचसं काम सरकारी जागांचं येतं. बागा, मैदानं, पंचायतीच्या मोकळ्या जागा. कुठं भाड्यानं द्यायची असते, कुठं एका खात्याकडून दुसऱ्या खात्याला. आणि सगळ्या भानगडीच्या मुळाशी एकच शब्द असतो. झोन!

*

माझा पहिलाच रिपोर्ट शहरातल्या एका सार्वजनिक बागेचा होता. मी काय केलं, समोरच्या रस्त्यावरच्या दुकानांचा भाव घेतला, बागेच्या क्षेत्रफळाला गुणलं आणि सरांपुढे ठेवलं. आकडा बघून मलाच अभिमान वाटला.

सरांनी चष्मा काढला. "सुवर्णाबाई, कोण घेणार ही बाग?"

"कुणीही घेईल सर. मोक्याची जागा आहे."

"घेऊन काय करील?"

"दुकानं बांधील."

"बागेचं आरक्षण आहे त्यावर. दुकानं कशी बांधील? फार तर एक झोका बांधील!"

मी कागद उचलला, दुपारभर विचार केला आणि दुसरा रिपोर्ट आणला. किंमत, शून्य.

"आता हे काय?"

"सर, विकताच येत नाही, बांधताच येत नाही, मग किंमत कसली?"

"असं? मग महापालिकेला कळवू या का, तुमची बाग फुकटची निघाली, रद्दीवाल्याला देऊन टाका?"

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. म्हणाले, "एका आईची दोन पोरं. रंगरूप सारखं, अंगात ताकद सारखी. एकाला गावभर हिंडायची मुभा, दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. कमवून कोण आणणार?"

"पहिला."

"मुभा म्हणजे झोन. आता दुसऱ्याची किंमत काढायची तर बघायचं, आज बंदी नसती तर शेजारच्यासारखं यानं काय केलं असतं. मग विचारायचं, ही बंदी उठेल का, उठली तर किती खटपटीनं, किती वर्षांनी. तेवढं वजा करायचं. उरेल ती किंमत."

मला पटलं. तिसरा रिपोर्ट बरोबर आला. फक्त त्यात मी 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात घाईघाईत लिहिलं होतं, 'उंबऱ्याच्या आत'!

*

झोन नकाशावर रंगानं दाखवतात. पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, हिरवा म्हणजे शेतीचा. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की आम्ही जमिनीला रंगानंच हाक मारतो.

एकदा सांगोल्याच्या पुढं एका पंचायतीची माळरानाची जागा बघायला गेलो. उन्हाळा सरत आलेला. लांबून टँकर येताना दिसत होता, बाकी नजर जाईल तिथं मुरूम आणि कुसळं. एक मावशी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. म्याकल पट्टी धरून चाललेला, सर नकाशा उलगडून त्याला ओरडून सांगतायत, "म्याकल, त्या बाभळीपर्यंत सगळा हिरवा आहे बरं का! दाट हिरवा! ओढ्यापलीकडंसुद्धा हिरवाच!"

मावशींनी बाभळीकडं बघितलं. ओढ्याकडं बघितलं. मग सरांच्या अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "कुटं हाय हिरवं?"

"हे काय, हितं सगळं," सर नकाशावर बोट ठेवून म्हणाले.

"हितं न्हाय काय बी. कुटं दिसलं ते नीट सांगा की सायेब. सकाळपास्नं शेरडं उपाशी हिंडत्यात, घिऊन जाते!"

सर नकाशाची घडी घालू लागले. घडी काही केल्या बसेना.

परत येताना तो अर्धवट घडीचा नकाशा सरांच्या मांडीवर होता. मग हमीदभाईंनी गिअर टाकला आणि म्हणाले, "साब, अगले टाइम नकाशे के साथ दो पेंडी कडबा भी रख लेंगे!"

*

आमच्या वैरागला माझ्या कामाबद्दल एक गैरसमज आहे आणि तो पसरवायचं काम खुद्द माझी आई करते.

तिला मी एकदा समजावून सांगितलं होतं की मी सरकारी जागांची किंमत ठरवते. तिनं गल्लीत सांगितलं, "आमची सुवर्णा सरकारी जागा इकती!"

पुढच्या वेळी माहेरी गेले तर ओट्यावर लोक बसलेले. एक काका म्हणाले, स्टँडजवळची जागा कितीला बसेल? मी म्हटलं, काका, मी विकत नाही, मी नुसती किंमत सांगते. काका शेजारच्याला म्हणाले, "बघ, किंमत सांगती म्हणली की! सुरुवात तर झाली."

शेजारच्या काकू मात्र फार समजूतदार. सगळे गेल्यावर आत येऊन बसल्या, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माझं काय न्हाय बाई, घाई न्हाय. पण एखादी बाग सेकंडहँडमध्ये आली तर आधी मला फोन कर!"

*

एका गावच्या सरपंचांना पंचायतीच्या जागेवर दुकानगाळे काढायचे होते. माणूस उत्साही, गावासाठी धडपडणारा, बुलेटवरून खाली उतरायच्या आत बोलायला लागणारा. पण जागा हिरव्या झोनमध्ये. शेजारी रस्त्यापलीकडं पिवळा झोन सुरू होत होता. त्यामुळं पलीकडं भाव कितीतरी पट आणि अलीकडं पंचायतीच्या जागेला शेतजमिनीचा भाव.

सरपंच आमच्या ऑफिसात नकाशावर वाकून बघत होते. "म्हणजे सगळं या रंगामुळं?"

"हो," म्याकल म्हणाला.

"माती तीच?"

"तीच."

"रस्ता तोच?"

"तोच."

सरपंच तडक बुलेटवर बसून निघून गेले. आम्हाला वाटलं, बिचारे नाराज झाले. दोन तासांत बुलेट परत आली. सरपंचांनी म्याकलच्या टेबलावर स्केचपेनचा नवाकोरा डबा ठेवला.

"पिवळा हाय ह्यात. नीट बघून आणलाय, लिंबू कलर न्हाय, हळदी कलर."

म्याकलनं हात जोडले. "सरपंच, असं रंगवून चालत नाही. झोन बदलायला प्रस्ताव द्यावा लागतो, लोकांच्या हरकती मागवतात, वरून मंजुरी येते. मगच."

"आसं व्हय?" सरपंच विचारात पडले. मग डबा परत उघडला, पिवळा पेन काढून म्याकलच्या खिशाला लावला आणि म्हणाले, "मग प्रस्ताव ह्येच्यानं लिवा की! वरच्यांना आधीच डोळ्यांपुढं दिसायला पायजे!"

प्रस्ताव शेवटी निळ्या पेननं गेला. आता तो वर आहे. सरपंच दर महिन्याला फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "म्याकलसायेब, पिवळं पडलं का?" नवीन माणसानं ऐकलं तर वाटावं, घरात कुणाला कावीळ झालीय!

*

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून एक गाव. तिथं पंचायतीच्या जागेतूनच दोन झोनची रेषा जात होती. सर आणि म्याकल त्या टोकाला मोजत होते, मी या टोकाला. रेषेच्या नेमकं कुठल्या बाजूला उभी आहे ते मला कळेना. बांधावर एक आजोबा बसले होते. पांढरं धोतर, कपाळाला विभूती. म्हटलं, गावच्या माणसाला माहिती असते.

"अज्जा, ही जागा यलो झोन का?"

अज्जांनी कानामागं हात धरला. मी मोठ्यांदा म्हटलं, "यलो झोन! यलो झोन!"

अज्जांचा चेहरा उजळला. मान जोरात हलवली. "हौदु, हौदु! एल्ला जोळ!"

मी खूश. खेड्यातल्या माणसालासुद्धा विकास आराखडा पाठ! लगेच वहीत टिपलं, 'स्थानिक ज्येष्ठ नागरिकांच्या सांगण्यानुसार यलो झोन.'

संध्याकाळी सरांनी वाचलं. "कोण म्हणालं असं?"

"अज्जा म्हणाले ना. दोनदा विचारलं. म्हणाले, हौदु, यलो झोन."

"नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा."

"एल्ला जोळ."

सर हसायला लागले ते थांबेनात. शेवटी पाणी प्याले आणि म्हणाले, "अहो, कन्नडमध्ये एल्ला म्हणजे सगळं, जोळ म्हणजे ज्वारी. तुम्ही विचारलं, ते म्हणाले, हो हो, सगळी ज्वारी!"

मी बांधावरचं दृश्य आठवलं. खरंच, अज्जांच्या मागं कमरेएवढी ज्वारी डोलत होती. आणि नकाशात तो भाग शेतीचाच निघाला. म्हणजे अज्जा बरोबर होते!

पण सरांचं हसू अचानक थांबलं. "थांबा. जागा पंचायतीची. मग ज्वारी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. अज्जा त्याच बांधावर. सरांनी नमस्कार केला, शुद्ध कन्नडमध्ये प्रकृतीची चौकशी केली, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. अज्जा खुलून बोलत होते. मग सरांनी अगदी सहज विचारलं, "अज्जा, ही ज्वारी कुणी पेरली?"

त्या क्षणापासून अज्जांना कन्नडही येईनासं झालं!

*

एक छोटा किस्सा. शहराबाहेर एक सरकारी भूखंड भाड्यानं द्यायचा होता. झोन व्यापारी, रस्ता रुंद, सगळं झकास. एकच अडचण, कुंपणाला लागून स्मशानभूमी. हॉटेल काढू बघणारे एक शेठ पाहायला आले होते. फिरून फिरून विचारत होते, "एवढी चांगली जागा आजवर पडून का? शेजारी त्रासदायक आहेत का?"

सर शब्द जुळवत होते. तेवढ्यात हमीदभाई गाडीला टेकून म्हणाले, "नै शेठ! पडोसी तो एकदम शरीफ लोगां हैं. आज तक किसीने आवाज नै करा!"

*

इंगळे साहेबांचा किस्सा सांगितला नाही तर म्याकल माझ्याशी बोलायचा नाही.

एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेला पाण्याच्या टाकीसाठी जागा हवी होती आणि जागा होती एका सरकारी खात्याची. दोघंही सरकारीच, पण किंमत ठरल्याशिवाय जागा हलत नाही. नगरपालिकेच्या बाजूनं इंगळे साहेब बोलायचे. आवाज असा की माइक लाजावा.

"बिराजदार सर, झोन बघा झोन! सार्वजनिक वापराचा! इथं घर बांधता येतं? नाही! दुकान काढता येतं? नाही! मग कोण कुत्रं विचारतंय या जागेला? नाममात्र किंमत लावा आणि मोकळे व्हा!" प्रत्येक 'नाही'ला टेबलावर मूठ. आमच्या चहाच्या कपबश्या नाचत होत्या.

ते प्रकरण लांबलं. वर्ष उलटलं. मग त्या सरकारी खात्याकडून निरोप आला, किंमत जुनी झाली, नव्यानं काढा. आम्ही तिघं गेलो. शिपायानं केबिनचं दार उघडलं. खुर्चीत इंगळे साहेब!

बदली झाली होती. थेट समोरच्या बाजूला.

"या या, बसा! बिराजदार सर, आजूबाजूला बघा! शेजारी काय? पिवळा झोन! समोर काय? मोठा रस्ता! उद्या आरक्षण उठलं तर सोनं आहे हो, सोनं! आणि तुम्ही असा भाव लावलाय? खात्याचं नुकसान मी होऊ देणार नाही!" मूठ टेबलावर. कपबश्या परत नाचल्या.

म्याकल स्वभावानं गरीब, पण त्याला राहवलं नाही. "साहेब, मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, या जागेला कुत्रं विचारत नाही. जागा तीच आहे."

इंगळे साहेब जराही डगमगले नाहीत.

"जागा तीच आहे हो! पण माझा झोन बदलला ना!"

*

आता शेवटचा. मैदान आजही मैदानच आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जिवाला घोर न लावता ऐकाल.

पूर्व भागात विणकरांच्या गल्ल्यांच्या मधोमध एक सार्वजनिक मैदान आहे. चारी बाजूंनी खोल्या, आत यंत्रमागांचा खडखडाट, दारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. एवढ्या वस्तीला मोकळा श्वास घ्यायला तेवढीच जागा. प्रस्ताव असा आला की मैदानाचा कुणी वापर करत नाही, तेव्हा आरक्षण उठवून व्यापारी झोन करावा. तसं झालं तर त्याच मातीची किंमत कुठल्या कुठं जाणार होती. आम्हाला दोन्ही किमती काढायच्या होत्या. मैदान म्हणून एक, बाजार म्हणून एक. आणि पाहणी समितीबरोबर जाऊन प्रत्यक्ष वापर काय आहे ते नोंदवायचं होतं.

म्याकलचं घर त्याच गल्लीत. म्हणून सरांनी त्याला या कामातून बाहेर ठेवलं. तो ऑफिसात बसून राहिला, डबासुद्धा उघडला नाही त्यानं. जाताना मी म्हटलं, "काही सांगायचंय का?" तो म्हणाला, "मी काय सांगू? मी त्या मैदानावर चालायला शिकलो. ते किमतीत धरतात का?" सरांनी ऐकलं आणि फाइल उचलून गाडीकडं निघाले.

समितीचे अध्यक्ष देशमाने साहेब. सरळ माणूस, पण नियमाला पक्का. आणि पाहणीची वेळ त्यांनी धरली भर दुपारची. सोलापूरचं एप्रिलचं ऊन! मैदानात एक कुत्रं सावली शोधून झोपलेलं आणि कडेला साडीवर कुरडया वाळत घातलेल्या. बाकी चिटपाखरू नाही.

देशमाने साहेबांनी छत्रीखालून चौफेर बघितलं. "घ्या लिहून. प्रत्यक्ष वापर, नाही."

मी पेन उघडला आणि दारातून आवाज आला, "खोटं लिवू नका!"

नरसव्वा उठून उभ्या होत्या. म्याकलची आत्या. केस पांढरे, आवाज खणखणीत. "संध्याकाळी या. पाय ठेवायला जागा नसते इथं."

"आजी, आम्हाला आत्ता जे डोळ्यांना दिसतं तेच लिहावं लागतं. नियम आहे."

"आत्ता दिसलं, तर लिवणार?"

"लिहीन की. का नाही लिहिणार?"

नरसव्वांनी सूप खाली ठेवलं. पदर कमरेला खोचला. गल्लीकडं तोंड करून तेलुगूत 'ये' म्हणून हाक मारली, "लक्ष्मी, रा! अय्यो, बघत काय बसली, रा!" दारादारातून बायका उठल्या. कुणी चाळिशीच्या, कुणी साठीच्या. एकीनं शहाबादी फरशीचे तुकडे आणले, एकीनं चिंध्यांचा चेंडू. मैदानाच्या मधोमध लगोरी रचली गेली आणि आम्ही काही म्हणायच्या आत दोन बाजू पडल्यासुद्धा!

मला वाटलं, दोन मिनिटांचा दिखावा असेल. छे! नरसव्वांनी नेम धरला, पहिल्याच फटक्यात लगोरी फुटली आणि मग जी धावपळ! आरडाओरडा, ढकलाढकली, "चीटिंग, चीटिंग!" एकीची चप्पल थेट कुरडयांवर. माग थांबवून माणसं बाहेर आली, शिट्ट्या वाजायला लागल्या. सर आणि मी कडेला पळालो. देशमाने साहेब मात्र छत्री धरून मध्येच उभे राहिले होते, कुठं जावं ते त्यांना कळेना.

धप्प! चेंडू त्यांच्या पाठीत.

"साहेब आउट!"

"अहो, मी खेळतच नाही!"

"मग मैदानात उभं कशाला ऱ्हायलात?" नरसव्वा म्हणाल्या.

देशमाने साहेबांनी पाठ झटकली. ते लगोरीकडं बघत राहिले. मग त्यांनी छत्री मिटली, हमीदभाईंच्या हातात दिली, बूट काढले आणि बाह्या वर सारल्या.

पुढच्या डावात ते जीव तोडून धावले. लगोरीवर शेवटची फरशी ठेवायला वाकले आणि तेवढ्यात लक्ष्मीनं त्यांना टिपलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. लाल तोंडानं येऊन आमच्याशेजारी बसले, नरसव्वांनी दिलेलं ताक एका दमात प्याले आणि दुसरा ग्लास मागितला.

रिपोर्ट सरांनी स्वतः सांगितला, मी टाइप केला. एका ओळीला मी थांबले. "सर, हे असंच लिहायचं?"

"डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. नियम आहे."

समितीची बैठक भरली. अध्यक्षांच्या खुर्चीत देशमाने साहेब. क्लार्क एकसुरात रिपोर्ट वाचत गेला. क्षेत्रफळ, चतुःसीमा, मैदान म्हणून किंमत, व्यापारी झोन झाल्यास किंमत. मग तो त्या ओळीशी आला.

"प्रत्यक्ष वापर, खेळाचे मैदान. पाहणीच्या वेळी खेळ सुरू होता. समितीचे माननीय अध्यक्ष दोन वेळा बाद झाले."

 सगळे खुर्चीकडं बघायला लागले. देशमाने साहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि गंभीरपणे म्हणाले,

"एक दुरुस्ती आहे. दोन वेळा नव्हे, एकच वेळा. पहिल्यांदा मी खेळत नव्हतो!"